आईचा एवढा लळा आहे, मग ऑटिझम कसा असेल? (दीड वर्षाच्या आतबाहेरच्या मुलांबद्दल)

मृगनक्षत्र | ९ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सतरा महिन्यांचा आहे. घर जुळे सोलापुरात, एकत्र कुटुंब, माणसांची सतत ये-जा. गेले काही महिने मला त्याच्याबद्दल काळजी वाटते आहे आणि घरात ती बोलून दाखवली की सगळे माझ्यावरच उखडतात.

नावाने हाक मारली तर वळत नाही. पण स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की आतल्या खोलीतून धावत येतो. पाणी हवं असेल तर आईचं मनगट धरून तिला माठापाशी ओढत नेतो. तिच्या तोंडाकडे मात्र बघत नाही. बोट करून काही दाखवत नाही, टाटा करत नाही. वर्षाचा होता तेव्हा 'बाबा' आणि 'दुदू' हे दोन शब्द म्हणायचा, तेही दिवाळीपासून ऐकू आलेले नाहीत. खेळण्यातली गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो.

आता दुसरी बाजू. आई नजरेआड झाली की रडून घर डोक्यावर घेतो आणि ती आली की तिच्या कुशीत डोकं खुपसतो. आजोबांच्या पोटावर झोपायला त्याला फार आवडतं. गुदगुल्या केल्या की खदखदून हसतो. बहिणीच्या सासूबाई म्हणतात, "ऑटिझमच्या पोरांना माणूस नको असतं. हा तर आईला सोडत नाही." एका डॉक्टरांनीही दोन वर्षांपर्यंत थांबा असं सांगितलं.

माझा प्रश्न एवढाच आहे: आईवर इतका जीव असलेल्या मुलाला ऑटिझम असू शकतो का? आणि असेल तर थांबायचं कशासाठी?

कडकभाकरी | ९ जानेवारी, रात्री १०:५२

ताई, एवढं घाबरू नका. आमच्या घराण्यात सगळी मुलं अडीच-तीनला बोलली. माझा चुलतभाऊ साडेतीन वर्षांचा होईपर्यंत मुका वाटायचा, आज कोर्टात वकिली करतो. एकत्र कुटुंबात मुलाने काही मागायच्या आत सगळं हातात मिळतं, बोलायची गरजच पडत नाही. हल्ली आईवडिलांना मोबाइलवर काहीतरी वाचायला मिळतं आणि झोप उडते. दोन वर्षांपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

हुरडापार्टी | ९ जानेवारी, रात्री ११:०५

सोलापुरातलं बाळ 'आई' म्हणायच्या आधी 'पाणी आलं का' म्हणतं असं आमचे काका म्हणायचे :)
असो. धागा वाचतोय. मृगनक्षत्र, काळजी घ्या.

शंखपुष्पी | १० जानेवारी, सकाळी ७:४०

मी लहान मुलांच्या विकासाच्या क्षेत्रात थेरपिस्ट आहे. माहेर सोलापूरचं, काम पुण्यात. इथे बसून कुणीच निदान करू नये, मीही करणार नाही. पण मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, आईचा लळा आणि ऑटिझम एकाच बाळात असू शकतात, आणि पुष्कळदा असतात.

सासूबाईंचा समज आला कुठून तेही सांगते. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं. माणसांशी भावनेने जोडलं जाण्यातली जन्मजात अडचण, यावर त्यांचा भर होता. पुढे त्याचं 'या मुलांना माणूस नकोच' असं झालं, आणि त्याहून वाईट म्हणजे आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं डॉक्टर आयांना तोंडावर सांगू लागले. बर्नार्ड रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ते मोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. नंतर आई खोलीतून बाहेर जाते आणि परत येते तेव्हा मूल काय करतं, याचे अभ्यास ऑटिस्टिक मुलांवरही झाले. २००४ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचं आईशी असलेलं नातं सुरक्षित आढळलं. आई गेल्यावर रडणं, आल्यावर बिलगणं, सगळं होतं.

मग फरक कुठे पडतो? वाटून घेण्यात. नऊ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान बाळ बोट दाखवायला लागतं. एक बोट मागण्याचं असतं: ते दे. दुसरं दाखवण्याचं: ते बघ! कुंपणावर खार आली की बाळ खारीकडे बघतं, मग आईकडे, मग परत खारीकडे. त्याला खार नको असते, आईने ती बघायला हवी असते. ऑटिस्टिक मुलांत हे दुसरं बोट उशिरा येतं किंवा येत नाही. पहिल्याच्या जागी पुष्कळदा आपला हात धरून नेणं असतं. हसण्याचंही तसंच. ही मुलं कमी हसतात असं नाही. हसू आलं की आईच्या डोळ्यांकडे बघून ते तिला देणं कमी असतं.

@कडकभाकरी, उशिरा बोलणारं पण ठणठणीत असलेलं मूल शब्दांविना सगळं सांगतं. बोट करतं, मान हलवतं, ओढून नेऊन तोंडाकडे बघतं, खोटं खोटं रडतं. तुमच्या चुलतभावाला लहानपणी पाहिलेल्यांना विचारा, तो खुणा करायचा का. इथे प्रश्न शब्दांच्या आधीच्या गोष्टींचा आहे. आणि आलेले शब्द गेले, ही कुठल्याही वयात ताबडतोब दाखवण्याची गोष्ट आहे. त्यासाठी दोन वर्षांची वाट बघत नाहीत.

नातवंडांचीआजी | १० जानेवारी, सकाळी ११:२०

शंखपुष्पी, छान सांगितलंस गं. पण एक शंका आहे. मी आजवर घरातली कितीतरी बाळं न्हाऊमाखू घातली. दोन महिन्यांचं बाळ पायावर घेतलं की तोंडाकडे बघून हसतंच. ज्यांना पुढे हा त्रास निघतो ती बाळं तेव्हापासूनच वेगळी असतात का? मग आम्हा बायकांना ते कळत कसं नाही?

शंखपुष्पी | १० जानेवारी, दुपारी १:१०

आजी, कळत नाही कारण तेव्हा ते दिसण्याजोगं नसतं. अटलांटाच्या वॉरेन जोन्स आणि अमी क्लिन यांनी बाळ नेमकं कुठे बघतंय हे टिपणाऱ्या यंत्राने जन्मापासून पाठपुरावा केला (२०१३). ज्यांना पुढे ऑटिझम निघाला ती बाळंही दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडे बघतच होती. त्यानंतर, दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, ते बघणं हळूहळू उतरत गेलं. हा उतार यंत्राला दिसतो, मांडीवर घेणाऱ्याला नाही.

कॅलिफोर्नियात सॅली ओझोनॉफ यांच्या गटाचं २०१० चं काम आहे. पुढे ऑटिझम निघालेली आणि न निघालेली बाळं सहा महिन्यांना सारखीच. वर्षाच्या सुमाराला चेहऱ्याकडे बघणं, माणसाकडे बघून हसणं, माणसाला उद्देशून सूर काढणं यांत अंतर पडलेलं. बहुतेकांत ही घसरण सावकाश झालेली होती आणि विचारल्यावर बहुतेक आईवडिलांना ती जाणवलेलीच नव्हती. म्हणून पूर्वी जे म्हटलं जायचं की काही मुलं जन्मापासून वेगळी आणि काही अचानक मागे गेली, ते इतकं सरळ नाही.

विणकर | १० जानेवारी, रात्री ९:३०

मी अशोक चौकातला. माझा मुलगा आता सात वर्षांचा, ऑटिस्टिक. ताई, तुमचं वाचून मला आमचेच दिवस दिसले.

आमच्याकडे त्याच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे. छोटा हॉल, फुगे, सगळा भाऊबंद. पन्नास माणसं त्याच्या नावाने ओरडायलीत आणि पोरगं फुग्याच्या दोऱ्याकडे बघायलंय. मध्येच बायको त्याला कडेवर घेते, तर गालाला गाल घासतो, पण फिरून तिच्याकडे बघत नाही. तिला चिकटलाय आणि नजर दोऱ्यावर. हे दोन्ही एकाच व्हिडिओत आहे. निदान झालं त्या दिवशी तिथल्या मॅडमनी सांगितलं की वाढदिवसाच्या व्हिडिओंवर अमेरिकेत १९९४ सालीच अभ्यास झालाय. ११ ऑटिस्टिक मुलं आणि ११ बाकीची. बोट दाखवणं, वस्तू उचलून दाखवणं, माणसांकडे बघणं आणि नावाला वळणं, ह्या चार गोष्टी बघून जवळजवळ सगळी मुलं बरोबर ओळखता आली. म्हणून ताई, घरी जुने व्हिडिओ असतील तर पुसू नका. डॉक्टरला तेच दाखवा. दवाखान्यात मूल घाबरतं, तिथं पाच मिनिटांत काही कळत नाही.

लळ्याचं विचाराल तर माझ्या पोराइतकं कुणी माझ्यावर माया करत नसेल. मी कारखान्यातून आलो की दारात येत नाही, मान्य. पण जेवायला बसलो की मागून येऊन पाठीला पाठ लावून बसतो. तेवढंच. रोज.

खोडरबर | १० जानेवारी, रात्री १०:०४

दोन गोष्टी विचारतो. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचं बोलणं दीड वर्षाची लस टोचल्यावर बंद झालं असं ते सांगतात. आणि मोबाइल बघून होणारा 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणतात तो? मोबाइल बंद केला की बरा होतो असे व्हिडिओ फिरतायत.

शंखपुष्पी | ११ जानेवारी, सकाळी ८:००

लसीचं आधी. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा एक लेख आला, तिथून हे सुरू झालं. तो लेख खोटेपणा उघड झाल्यावर २०१० मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये निष्कर्ष आला: गोवरची एमएमआर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच. दीड वर्षाची लस आणि शब्द जाण्याचं वय एकमेकांना लागून येतं, म्हणून आईबापांच्या मनात जोडी लागते. त्यांचं दुःख खरं आहे. पण या भीतीने गोवरची लस टाळू नका, गोवर लहान मुलाचा जीव घेतो.

'व्हर्च्युअल ऑटिझम' हे मान्य निदान नाही. मोबाइल बंद केल्यावर मूल खुलतं ते खरं, कारण त्या वेळात माणसं त्याच्याशी खेळायला लागतात. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंच आहे, दोन वर्षांखाली स्क्रीन नको. मोबाइल आजच बंद करा, पण तो बंद करून तीन महिने वाट बघू आणि मग तपासू, असं करू नका. दोन्ही एकदम करा.

कडकभाकरी | ११ जानेवारी, सकाळी ९:१५

माझा चुलतभाऊ खुणा भरपूर करायचा, आत्ताच काकूला फोन करून विचारलं. ठीक, तो मुद्दा पटला. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. एवढ्याशा पोरावर शिक्का बसला की तो जन्मभर जात नाही. उद्या शाळेत, परवा लग्नात. आपल्या गावात काही लपून राहत नाही. त्यापेक्षा नाव न देता घरच्या घरी प्रयत्न केले तर?

रातराणी | ११ जानेवारी, दुपारी ३:४५

कडकभाकरी, शिक्क्याची भीती मला कळते. आता माझ्या मुलीचं ऐका.

तिला कुणी शिक्का दिलाच नाही. बोलायची, गाणी म्हणायची, डोळ्यांत बघायची. मुलगी शांत आहे, गुणी आहे, एकटी खेळते, आईला त्रास देत नाही. सगळे कौतुक करायचे. दोन वर्षांची असताना तिच्या मावसभावाचं बोट दारात चेमटलं, तो किंचाळत होता आणि ती त्याच्या हातातून पडलेले मणी गोळा करून रंगाप्रमाणे लावत होती. तेव्हा आम्ही हसलो. निदान व्हायला ती नऊ वर्षांची झाली. तोवर शाळेत तिला हट्टी, शिष्ट, आळशी असे दुसरे शिक्के बसलेच होते, आणि त्या शिक्क्यांवर कुठलीच थेरपी नसते. मुलग्यांत निदान मुलींच्या जवळपास चौपट होतं. त्यात मुलींचं नजरेतून सुटणंही आहे.

नावाचा उपयोगही होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी इसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच मिळतं. नाव न घेता यातलं काहीच मिळत नाही.

अजून एक, मृगनक्षत्र. बहिणीचा दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या: एका मुलाला ऑटिझम असेल तर पुढच्या भावंडात तो निघण्याचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास आहे. घाबरवायला सांगत नाही. त्या बाळाकडे सहाव्या महिन्यापासून डोळसपणे बघता येतं, म्हणून सांगते.

तिसरीघंटा | ११ जानेवारी, रात्री ११:५०

मी ३१ वर्षांचा, ऑटिस्टिक. निदान मोठेपणी झालं. इथे सगळे बाहेरून बघून बोलत आहेत, म्हणून आतून बोलतो.

रातराणी यांनी सांगितलेला प्रसंग वाचला. असाच एक प्रयोग १९९२ मध्ये झाला होता: मोठ्या माणसाने बोटाला लागल्याचं सोंग करायचं आणि मूल काय करतं ते बघायचं. ऑटिस्टिक मुलांनी त्या माणसाकडे कमी बघितलं, खेळण्याकडे जास्त. वाचणारा लगेच म्हणेल, यांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही. माझं सांगतो. आई रडायला लागली की मी आतल्या खोलीत जाऊन कानांवर उशी धरायचो. मला तिचं दुःख कमी कळत नव्हतं, इतकं जास्त व्हायचं की तिथे उभं राहवत नव्हतं. तुमची मुलगी मणी का लावत होती ते तीच कधीतरी सांगेल. कदाचित त्या गोंधळात तिला स्वतःला सावरायला तेच सापडलं असेल.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडून असते. आम्हाला तुमचे चेहरे वाचता येत नाहीत, तसे तुम्हालाही आमचे वाचता येत नाहीत. विणकर यांच्या मुलाची पाठीला पाठ लावून बसण्याची तऱ्हा ज्याला वाचता आली त्याला उत्तर मिळालंच.

एक विनंती. 'माझ्याकडे बघ' म्हणून हनुवटी धरून मान वळवू नका. माझ्याशी ते खूप झालं आहे. डोळ्यांत बघितलं की मला समोरच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं.

विणकर | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

भाऊ, तुमचं वाचून बायकोलाही वाचून दाखवलं. असेच लिहीत राहा.

शंखपुष्पी | १२ जानेवारी, सकाळी ८:२०

+१. हनुवटी धरणं पूर्ण बंद. आपण खाली जमिनीवर, मुलाच्या समोर बसायचं, तो जे बघतोय त्याच्या रेषेत आपला चेहरा आणायचा. बघायचं की नाही हे त्याच्यावर.

हुरडापार्टी | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

विषयांतर आहे पण गड्डा (सिद्धरामेश्वरांची जत्रा) आलाच आहे म्हणून विचारतो. माझ्या भाचीला होम मैदानावर नेलं की पाळण्यांच्या आधीच ती जमिनीवर पडून रडते. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत मात्र हलगी वाजते तरी शांत असते. असं कसं?

तिसरीघंटा | १२ जानेवारी, दुपारी १२:५५

मिरवणुकीत आवाज एकच आणि लयीत असतो, एका दिशेने येतो. मैदानावर दहा भोंगे, मौत का कुआँच्या मोटरसायकली, तळणाचे वास, दिवे, सगळं एकदम. दुपारी गर्दी व्हायच्या आत न्या, कानांवर लावायचे आवाजरोधक मिळतात ते घाला. दारूकाम लांबून, गच्चीवरून दाखवा. आणि नकोच म्हणाली तर घरीच राहा, सिद्धरामेश्वर रागावणार नाहीत.

मृगनक्षत्र | १२ जानेवारी, दुपारी २:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बहिणीला धागा दाखवला. ती आधी खूप रडली, मग म्हणाली, "मला दिवाळीपासून वाटत होतं."

संक्रांतीनंतर त्याचं बोरन्हाण ठरलं आहे, आळीतली वीस-पंचवीस मुलं बोलावली आहेत. करावं का? आणि दुसरं, बहिणीच्या सासरी कन्नड बोलतात, आमच्या माहेरी मराठी. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की दोन भाषांमुळेच मूल गोंधळलं आहे, घरात एकच भाषा ठेवा. सासूबाईंना मराठी येतं पण त्यांची माया कन्नडमध्येच आहे.

विणकर | १२ जानेवारी, रात्री ९:१०

हे आमच्यावर गेलंय. घरी आम्ही तेलुगू. सुरुवातीला एका ठिकाणी सांगितलं, फक्त मराठी बोला. माझ्या आईला मराठी बाजारापुरतं येतं. ती नातवासमोर गप्पच बसायला लागली. दिवसभर त्याच्याजवळ असणारं माणूस तेच, आणि तेच गप्प. पुढे दुसऱ्या स्पीच थेरपिस्ट भेटल्या, त्यांनी सांगितलं की आजीला तेलुगूतच बोलू द्या, अंगाई म्हणू द्या. पोराचा पहिला शब्द तेलुगूत आला, पाण्याचा. आता तो तेलुगू आणि मराठी दोन्हीत भांडतो.

शंखपुष्पी | १२ जानेवारी, रात्री १०:००

विणकर म्हणतात ते संशोधनाला धरून आहे. दोन भाषा ऐकणारी ऑटिस्टिक मुलं एक भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा मागे पडत नाहीत, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. ज्या भाषेत सासूबाईंना लाड करता येतात त्याच भाषेत त्यांनी करावेत. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी एका बोळात ऐकू येतात. 'एकच भाषा' हा सल्ला मुलाच्या अर्ध्या माणसांना मुकं करतो.

बोरन्हाण करा, पण लहान. घरातली दोन-तीन मुलं, चुरमुरे आणि बोरं हळूच अंगावरून सोडायची, डोक्यावर एकदम ओतायची नाहीत. हलव्याचे दागिने टोचत असतील तर काढून ठेवा.

नातवंडांचीआजी | १३ जानेवारी, सकाळी १०:३०

मी विचार करत होते की आपण बाळाला घेऊन जे खेळतो ते सगळं हेच तर आहे. चिऊ-काऊ दाखवत घास भरवायचा, चांदोबा दाखवायचा. पदराआडून भोऽऽ करायचं. तळव्यावर बोट फिरवत फिरवत काखेत गुदगुल्या करायच्या. शंखपुष्पी, अशा बाळासाठी ह्यात काही वेगळं करावं लागतं का?

शंखपुष्पी | १३ जानेवारी, दुपारी १२:४५

आजी, तुमच्या खेळांत फक्त एक थांबा घालायचा. बोट तळव्यावरून कोपरापर्यंत आणायचं आणि काखेच्या अलीकडे थांबायचं. काही बोलायचं नाही. पाच, सात, दहा आकडे मनात म्हणायचे. बाळ हात हलवेल, सूर काढेल, क्षणभर बघेल. जे काही करेल ते 'पुढे कर' असं समजून लगेच गुदगुल्या. पदर तोंडावर घेऊन तसंच. आपल्याकडे मोठी माणसं एका दमात सगळं करून मोकळी होतात, बाळाची पाळी येतच नाही.

आणि त्याच्या आवडीत शिरायचं. मृगनक्षत्र, भाचा चाकं फिरवतो ना? गाडी हिसकावून सरळ करू नका. दुसरी गाडी घेऊन समोर बसा, तुम्हीही उलटी करून फिरवा.

विणकर | १३ जानेवारी, रात्री ९:४०

आमच्यात हे कांडीवर झालं. सुताची रिकामी कांडी तो फरशीवर गडगडवत बसायचा. मी समोर बसून ती परत त्याच्याकडे गडगडवायला लागलो. बरेच दिवस तो माझ्याकडे न बघताच घ्यायचा. मग एकदा मी मुद्दाम धरून ठेवली. त्याने वर बघितलं. माझ्या तोंडाकडे. बायकोला हाक मारायलाही आवाज निघेना.

शंखपुष्पी | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

आजच्या संक्रांतीच्या दिवशी यापेक्षा गोड काही वाचायला मिळालं नसतं.

याला आधार आहे म्हणून सांगते. गोवा आणि रावळपिंडी इथे २०१६ मध्ये एक चाचणी झाली, दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आईबाप मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ घ्यायच्या आणि तोच त्यांच्याबरोबर बसून बघायच्या: इथे त्याने सूर काढला, तुम्ही काय केलंत? आईबापांचं मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं वाढलं आणि मुलांचं आपणहून सुरुवात करणंही वाढलं. ऑस्ट्रेलियात त्याहून लहान, नऊ ते चौदा महिन्यांच्या १०३ बाळांवर असंच काम झालं (२०२१). सुरुवातीच्या खुणा दिसलेल्या बाळांपैकी ज्यांच्या घरी व्हिडिओचं मार्गदर्शन झालं, त्यांच्यात तीन वर्षांचं होईपर्यंत निदानाच्या निकषात बसणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७ टक्के, बाकीच्यांत सुमारे २१ टक्के. ती बाळं 'बरी झाली' असा याचा अर्थ लावू नका. अडचणी कमी झाल्या, कारण आजूबाजूच्या माणसांना त्यांची भाषा आधी कळली.

कडकभाकरी | १४ जानेवारी, दुपारी १:००

तिळगूळ घ्या सगळे. पुण्या-मुंबईला जायची ऐपत नसेल त्यांनी काय करायचं? कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत आमचं जाणं-येणं आहे. तिथल्या बाईला रोजंदारी बुडवून पुण्याला जा म्हणणं सोपं नाही.

विणकर | १४ जानेवारी, रात्री ८:३०

चांगला प्रश्न. २०१३ पासून सरकारची आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजना आहे, तिचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. ते पुढे डीईआयसीला पाठवतात, म्हणजे जिल्हा पातळीवरचं लहान मुलांच्या तपासणी-उपचाराचं केंद्र. पैसे लागत नाहीत. पथकाची वाट न बघता अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगून चिठ्ठी घ्यायची. सांगताना 'बोलत नाही' एवढंच सांगू नका, नाहीतर 'बोलेल हो' म्हणून परत पाठवतात. नावाला वळत नाही, बोट दाखवत नाही, होते ते शब्द गेले, असं एकेक सांगा.

शंखपुष्पी | १४ जानेवारी, रात्री ९:००

आणि कानांची तपासणी सगळ्यात आधी. पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणून कान नीट आहेत असं धरू नका, बेरा (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) करून घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० हो-नाही प्रश्नांची यादी आहे, भाचा त्या वयात बसतो. ती चाळणी आहे, निदान नाही.

मृगनक्षत्र | २९ जानेवारी, रात्री १०:३०

बरेच दिवसांनी लिहिते आहे. बेरा झाली, कान उत्तम आहेत. एम-चॅटमध्ये गुण जास्त आले, लगेच सविस्तर तपासणीला जा असं सांगितलं. पुण्यातल्या विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली आहे. तोवर इथेच स्पीच (बोलण्या-सांगण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं, खेळ शिकवणारी) थेरपी सुरू केली. निदानाच्या कागदाची वाट बघावी लागत नाही हे आम्हाला माहीत नव्हतं.

मेहुणे अजून मान्य करत नाहीत. थेरपीला गाडीतून सोडतात, आत येत नाहीत. त्यांच्यावर घाई करायची नाही असं बहिणीने ठरवलं आहे.

बोरन्हाण घरच्या घरी केलं. तो रडला नाही, चुरमुरे मुठीत घेऊन सोडत बसला. सासूबाई त्याच्यासमोर बसल्या आणि त्याही तसंच करू लागल्या, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत. बराच वेळ दोघांचं चाललं होतं. उठताना त्या मला म्हणाल्या, "लळा आहे म्हणून काही नाही असं मी म्हणत होते. लळा आहे तर त्याचाच उपयोग करायचा." माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

पुण्याला जाताना काय काय न्यावं?

शंखपुष्पी | ३० जानेवारी, सकाळी ७:१५

व्हिडिओ: जेवताना, एकटा खेळताना, घरच्यांबरोबर खेळताना, हाक मारल्यावर. प्रत्येकी मिनिटभर पुरे. वर्षाच्या आतले जुनेही घ्या, 'बाबा' म्हणतानाचा असेल तर नक्की. लसीकरणाचं कार्ड, बाळंतपणाचे कागद, बेराचा अहवाल, थेरपिस्टची टिपणं. तो दिवसभरात काय करतो ते सासूबाईंना विचारून लिहून काढा, त्या जास्त वेळ त्याच्याजवळ असतात. जमल्यास त्यांनाही न्या.

विणकर | ३० जानेवारी, सकाळी ७:४०

आणि मेहुण्यांना माझा निरोप द्या. आत यायचं नसेल तर नका येऊ म्हणावं, बाहेर बसून माझ्याशी फोनवर बोला. संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो. ताई, नंबर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.